पोट भरलं, तरी हात डब्याकडे

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. रात्री साडेआठला मी पोटभर जेवतो. जेवताना मोबाइलवर काहीतरी चालू असतंच. साडेनऊ वाजले की पुन्हा हात खाऊच्या डब्याकडे जातो. साखर, थायरॉइड तपासून घेतलं, सगळं नॉर्मल आहे. बायको म्हणते, ‘भूक कसली, नुसते चाळे आहेत.’ ही खरी भूक की माझं मनच कच्चं?

उत्तर : मनाला कच्चं ठरवायची घाई नको. बायकोचंही अर्धं बरोबर आहे, पण अर्धंच.

भूक फक्त पोटात असते हा समज जुना आहे. 1912मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांचा सहकारी वॉशबर्न याने चक्क एक फुगा गिळला आणि जठराची आकुंचनं नोंदवली. आकुंचन आणि भुकेची कळ जुळून आली, म्हणून जठर म्हणजेच भूक असं मानलं गेलं. पण पुढे शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते, हे दिसून आलं. मग प्रकरण वर मेंदूकडे सरकलं.

मला या विषयातलं सर्वात विलक्षण वाटतं ते मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांचं 1998मधलं काम. स्मृती गेलेले दोन रुग्ण होते. मिनिटभरापूर्वीचंही त्यांच्या लक्षात राहत नसे. त्यांना जेवण दिलं, ताट उचललं. 10 ते 30 मिनिटांनी दुसरं ताट पुढे ठेवलं, तर तेही त्यांनी खाल्लं. पुन्हा थोड्या वेळाने तिसरं आलं, तेव्हा बहुतेक वेळा त्यालाही सुरुवात केली. स्मृती शाबूत असलेल्यांनी दुसऱ्या ताटालाच नकार दिला. या रुग्णांचं जठर ताणलं गेलंच असणार, आतड्यातून संप्रेरकंही (हार्मोन्स) सुटली असणार. नव्हती ती एकच गोष्ट : आपण आत्ताच जेवलो ही आठवण.

आता तुमचा मोबाइल. तुमची स्मृती ठणठणीत आहे, पण घास तोंडात आणि डोळे पडद्यावर असले की जेवणाची नोंदच पुसट होते. आज काय जेवलात, तिसरा घास कसला होता, आठवतंय? बहुतेक नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन हिग्ज यांच्या प्रयोगात ज्यांना आधी ‘आज दुपारी काय जेवलात?’ हे आठवायला लावलं, त्यांनी नंतर पुढे ठेवलेला खाऊ कमी खाल्ला. एवढ्याशा आठवणीने हात आखडला, हे मला फार आवडतं!

शरीराचा वाटाही आहेच. पोट ताणल्याचा निरोप पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हवरून चटकन जातो, पण ‘पोट भरलं’ सांगणाऱ्या आतड्यातल्या सीसीके, पीवायवाय, जीएलपी-1 या संप्रेरकांचा परिणाम पुरता जाणवायला थोडा वेळ लागतो. भराभर जेवणारा त्याआधीच उठलेला असतो. दुसरं म्हणजे घ्रेलिन. 1999मध्ये जपानमध्ये सापडलेलं हे संप्रेरक जठरात तयार होतं, भूक चेतवतं आणि नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. रोज साडेनऊला डबा उघडलात तर साडेनऊची सवय शरीरालाही लागू शकते. म्हणून म्हटलं, अर्धंच बरोबर. सुरुवात चाळ्यांनी झाली असेल, आता त्यात खरी भूकही मिसळली असेल.

करायचं काय? जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत, बस्स. आहार बदलू नका, उपास धरू नका. साडेनऊला खावंसं वाटलं तर आधी रात्रीचं ताट डोळ्यांपुढे आणा. तरीही भूक असेल तर खा, पण बशीत वाढून आणि बसून. डब्यातून खाल्लेल्याचा हिशेब कुणाच्याच मेंदूला लागत नाही. आणि हो, झोप कमी असेल तर आधी ती सुधारा. जागरणाने भूक वाढते.

प्रश्न : पाणी रक्तात उतरायला वेळ लागतो म्हणतात. मग दोन घोट घेताच तहान कशी भागते? नुसता बर्फ चघळला तरी बरं वाटतं.

उत्तर : मेंदू पाणी रक्तात पोचायची वाट पाहत बसत नाही. रक्ताची संहती (दाटपणा) एक-दोन टक्के वाढली की मेंदूतल्या पेशी तहान पेटवतात. पण विझवायचं काम तोंड-घशाकडून आलेल्या निरोपावर आगाऊ सुरू होतं. 2016मध्ये उंदरांवर थेट पाहिलं गेलं : पाणी पिऊ लागताच मिनिटभरात तहानेच्या पेशी शांत झाल्या, रक्तात अजून फरक पडला नव्हता तरी. तोंड थंड केल्यानेही त्यांचं काम मंदावलं, म्हणजे तुमचा बर्फाचा अनुभव खरा आहे. मात्र बर्फ चघळून शरीराला पाणी फारसं मिळत नाही, त्यामुळे हा आराम फार टिकत नाही. आणि भरपूर पाणी पिऊनही तहान हटत नसेल, रात्री लघवीला वारंवार उठावं लागत असेल, तर बर्फ बाजूला ठेवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.