खासगी एफएमवर तीच ती गाणी का वाजतात?

एफएमवर सदैव तीच ती गाणी का लागतात आणि श्रोत्यांनाच हल्ली वेगळे काही नको असते का, असे आपण विचारले आहे. यातला दुसरा प्रश्न माझा मेहुणा उत्तर म्हणून गेली कित्येक वर्षे मला ऐकवत आला आहे, म्हणून हे लिहितो.

तो शेजारच्या जिल्ह्यातील एका खासगी वाहिनीसाठी जाहिराती मिळवतो. वडिलांच्या पंचाहत्तरीला त्या वाहिनीवर एक नाट्यपद लागावे, अशी विनंती मी त्याच्यामार्फत केली होती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात वडिलांनी लेथच्या घरघरीतही दिवसभर रेडिओ चालू ठेवला. त्यावर धारवाडची कन्नड वचने, सांगलीची भावगीते आणि विविध भारती हे सगळे त्याच कामगारांच्या कानांवर पडत असे, आणि कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. मी स्टुडिओत गेलो, तेव्हा निवेदिकेसमोरच्या पडद्यावर पुढच्या तासाची गाणी आधीच ओळीने लागलेली होती आणि प्रत्येकापुढे त्याचा वर्ग व ते पुन्हा किती तासांनी वाजवायचे याची नोंद होती. तिने मनापासून शोधले आणि म्हणाली, "काका, हे यादीतच नाही हो, आणि बाहेरचं लावायची आम्हाला परवानगी नसते." मग शुभेच्छा एका चालू चित्रपटगीताआधी वाचल्या गेल्या. वडिलांनी रेडिओ बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला.

"दाजी, लोकांना हेच हवं असतं, आकडे बघा," हे मेहुण्याचे म्हणणे. हे आकडे येतात कसे? श्रोत्याला गाण्याचा सात-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवून ते ओळखीचे आहे का, आवडते का, कंटाळा आला का, असे विचारतात. जे कधी वाजलेच नाही, ते सात सेकंदांत कोण ओळखणार? ते चाचणीत पडते, यादीतून जाते, आणि पुढच्या चाचणीला आणखी अनोळखी होते. याला लोकांची आवड म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

तीच यादी सगळीकडे वाजण्यामागे मालकीचाही भाग आहे. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरची देशव्यापी मर्यादा उठली आणि एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे गेली. आपल्याकडे 2011 च्या धोरणाने एका कंपनीला आपला कार्यक्रम देशभरातील स्वतःच्या केंद्रांवरून लावण्याची मुभा दिली.

वाहिन्यांचीही अडचण आहे, हे मान्य केले पाहिजे. खासगी एफएमचे परवाने टप्प्याटप्प्याने दिले गेले; त्यातल्या पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत होते. 2005 पासून उत्पन्नाच्या 4 टक्क्यांची पद्धत आली, तरी स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाहीच, त्यामुळे सगळे गाणीच लावतात आणि सगळ्यांची धडपड त्याच जाहिरातदारांसाठी असते. आपल्याला वेगळे ऐकायचे असेल, तर आकाशवाणीची केंद्रे मोबाईलवर लागतात.

मेहुण्याला मात्र मी सांगून ठेवले आहे की, इथल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे एखादे भजन महिनाभर सकाळच्या गर्दीच्या वेळी वाजवावे आणि मग चाचणी घ्यावी. ते पडले तर आमच्या कारखान्याची वर्षभराची जाहिरात त्याच्या वाहिनीला. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला, ते अजून विचारतोच आहे.