डाळिंबाच्या सालीचा बायोगॅस करावा की आणखी काही?

तुम्ही विचारलं आहे की सोलापुरात डाळिंबाचे दाणे काढून पॅक करण्याचं तुमचं छोटं युनिट आहे, रोज 100 किलोच्या आसपास साल निघते, तर तिचा बायोगॅस करावा की आणखी काही मोलाचं बनेल.

थेट गॅसच्या वाटेला जाऊ नका. सालीत विकण्याजोगं द्रव्य आहे ते टॅनिन, म्हणजे सूत रंगवायला लागणारं तुरट द्रव्य, आणि नेमकं तेच गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारक आहे. कच्ची साल सरळ टाकीत गेली की काही दिवसांत गॅस मंदावतो, आंबट वास येतो, सामू (pH) 6.5 च्या खाली जातो. म्हणून आधी टॅनिन काढायचं, मग उरलेल्या चोथ्याचं काय ते बघायचं. सोलापुरात टॅनिनला दुसरीकडे गिऱ्हाईक शोधायला नको, कारण सूत रंगवणारं गावच आहे हे.

सगळं काम वाळवणीवर ठरतं. ताज्या सालीत 70 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे 100 किलोची 25 ते 30 किलो कोरडी साल धरा. साल निघाली त्याच दिवशी धुवायची. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागायतदार बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त औषधं फवारतात, त्यातलं तांबं सालीवर राहिलं तर पिवळ्याऐवजी हिरवट-मातकट छटा येते आणि एका खेपेचा रंग दुसरीशी जुळत नाही. धुतल्यावर 2-3 सेंटीमीटरच्या पट्ट्या करून जाळीच्या ट्रेवर एकाच थरात पसरा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात ड्रायर लागतोच, 55 ते 60 अंशांवर. त्याहून जास्त तापवली तर साल करपट होते. ढीग करून ठेवली तर आतून काळी पडते, बुरशी धरते, आणि काळी पडली म्हणजे टॅनिन गेलंच. देठाजवळची जाड पट्टी मोडून बघा. कट्कन तुटली तर झाली, वाकली तर अजून दमट आहे. सगळ्यात जास्त माल इथेच बिघडतो, कारण बाहेरून साल कोरडी दिसते आणि दळल्यावर पोत्यात गोळे होतात.

लाल डाळिंबातून लाल रंग मिळेल अशी आशा असेल तर ती आताच सोडा. भगवा जातीच्या डाळिंबाची लाली पाण्यात उतरते, पण सुतावर टिकत नाही. टिकतो तो टॅनिनचा पिवळा ते खाकी रंग, आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घातल्यावर करडा ते काळपट.

अर्कासाठी कोरड्या सालीची 1 किलो जाडसर भरड, 10 लिटर पाणी, 80 अंश, 45 मिनिटं. गाळा, मग त्याच भरडीला 5 लिटर पाण्यात पुन्हा एकदा तापवा आणि दोन्ही अर्क एकत्र करा. अगदी बारीक पूड केली तर कापड चोंदतं आणि गाळणं तासन् तास चालतं. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत अर्क काळा पडतो. बोअरचं जड पाणी वापरलं तर छटा मळकट येते, म्हणून आरओचं किंवा पावसाचं पाणी बरं. अर्क त्याच दिवशी वापरायचा, नाहीतर दोन-तीन दिवसांत वर बुरशीची साय येते.

सुती लडी आधी धुण्याच्या सोड्यात उकळून तिचं मेण आणि खळ काढा. हे नीट केलं नाही तर रंग डागडागांनी बसतो. कोरडी साल सुताच्या वजनाच्या निम्मी घ्या, म्हणजे 1 किलो सुताला 500 ग्रॅम. अर्काचे दोन भाग करा. पहिल्या भागात लडी तासभर कोमट ठेवा, न धुता पिळा आणि तुरटीच्या पाण्यात घाला. तुरटी सुताच्या वजनाच्या 15 टक्के. रात्रभर ठेवून खंगाळा, मग उरलेल्या अर्कात 80 अंशांवर पाऊण तास रंगवा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. करडा हवा असेल तर शेवटी 2 टक्के हिराकस, तेवढाच. जास्त लोखंडाने सूत काही महिन्यांत कुजतं आणि तक्रार विणकराकडे जाते, तुमच्याकडे नाही, म्हणून ते लवकर कळतही नाही.

पक्केपणाबद्दल गिऱ्हाइकाला खरं सांगा. तुरटीचा पिवळा धुण्याला बरा टिकतो, पण कडक सोड्याच्या साबणाने तपकिरीकडे झुकतो. रोज उकळून धुतल्या जाणाऱ्या टॉवेलसाठी तो मी सुचवणार नाही. चादरी, झोळ्या, ओढण्यांसाठी सुचवेन.

हिशेब असा: 25 ते 30 किलो कोरड्या सालीत 50 ते 60 किलो सूत रंगतं, आणि किलोला 20 लिटर धरलं तरी रंगवणीलाच हजार लिटरच्या वर पाणी लागतं. शिवाय स्वतः रंगवायचं म्हटलं की सांडपाणी आलं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आली. त्यामुळे सुरुवातीला तुम्ही कोरडी भरड किंवा पूडच विका आणि रंगवण्याचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या रंगवणाऱ्यांवर सोडा. तिथे तुमची स्पर्धा हिरड्याशी आहे, आणि हिरडा टॅनिनला भारी. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हिरड्यापेक्षा उजळ पिवळा. प्रत्येक खेपेचा सुताचा नमुना रंगवून, खेप क्रमांक लिहून पुडीसोबत द्या. त्याशिवाय रंगवणारा दुसऱ्यांदा घेणार नाही.

अर्क स्वतः काढलात तर उरलेला चोथा शेणासोबत गॅसच्या टाकीत जाईल, रोजच्या खाद्याच्या 5 टक्क्यांपासून सुरू करून. सामू 6.8 ते 7.2 राहिला तरच वाढवा. तुरटी-हिराकसचं पाणी मात्र त्यात ओतू नका.

पेक्टिन सालीतून निघतं, पण आम्लात शिजवून अल्कोहोलने साकळवावं लागतं. अल्कोहोल परत मिळवायची सोय नसेल तर परवडत नाही. बियांचं तेल महाग विकतं, मात्र बिया रस काढणाऱ्यांकडे मिळतात, दाणे पॅक करणाऱ्याकडे नाही. आणि सालीतल्या औषधी घटकांचा विचार असेल तर आधी कीटकनाशकांचे अवशेष तपासून घ्या. त्या बाबतीत केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारणं सोपं पडेल.