फाइल डिलीट होत नाही? आधी पाथ बघ, मग पॉलिसी

एरर येत नाही आणि फाइलही जात नाही, म्हणून लगेच सर्व्हरला दोष देऊ नकोस. एस-थ्रीच्या (अ‍ॅमेझॉनची ऑनलाइन फाइल साठवणूक) पद्धतीत डिलीटला २०४, म्हणजे ‘काम झालं’, असं उत्तर येतं, ती फाइल बकेटमध्ये (फाइली ठेवायच्या कप्प्यात) मुळात नसली तरी. तेव्हा कोड नेमका कोणता पाथ (फाइलचा पत्ता) पाठवतोय ते लॉगमध्ये छापून बघ. बकेटचं नाव दोनदा लागलंय, सुरुवातीला जादा स्लॅश आलाय, बहुतेकदा असलंच काहीतरी निघतं.

सुपाबेस (डेटाबेस आणि फाइल साठवणूक देणारी ओपन-सोर्स प्रणाली) स्वतः होस्ट केलं असशील, तर रिमूव्ह कॉलचं उत्तर नीट वाच. रिकामा अ‍ॅरे (यादी) आला तर एक तर पाथ चुकलाय किंवा पॉलिसी (कोणाला काय करता येईल याचा नियम) आडवी आलीये. डिलीटसोबत सिलेक्टचीही (वाचण्याची) परवानगी लागते, आणि नेमकी तीच द्यायची राहते. वैतागून डेटाबेसमधली नोंद एसक्यूएलने उडवू नकोस हं! नोंद जाते, फाइल डिस्कवर तशीच पडून राहते, आणि मग ती एपीआयला दिसतही नाही.

यादीतून फाइल गेली पण जागा मोकळी होत नाही? एस-थ्रीच्या बकेटवर व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणं) चालू असणार. साधं डिलीट तिथे फक्त डिलीट मार्कर (‘डिलीट झाली’ अशी खूण) ठेवतं. जुन्या आवृत्त्या व्हर्जन आयडी देऊन काढाव्या लागतात, नाहीतर लाइफसायकल नियम (ठरावीक मुदतीनंतर त्या आपोआप काढणारा) लाव. आणि जुनी लिंक अजून उघडत असेल, तर ती बहुधा कॅशेतून (तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीतून) येतेय.