पाणी एल्बो खातात की पाइप?

प्रश्न : काका, वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, विहिरीवर मोनोब्लॉक मोटर. शेजारी बांधातून पाइप जाऊ देईना, म्हणून लाइन नाल्याकडून फिरवली. लांबी जुन्याइतकीच, १८० मीटर, पण वळणाचे जोड, म्हणजे एल्बो, नऊ लागले. पाइप दोन इंची. ४० मीटर कमी पडला तिथं घरचा दीड इंची जोडला. आधी २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरायचा, आता ४७ लागतात. आंबिया बहारासाठी बागेचं पाणी बंद ठेवून ताण दिला होता, तो आता पाणी देऊन तोडायचा आहे. मिस्त्री म्हणतो एल्बो काढून पाइप शेकून वाकवू. काढू का?

उत्तर : भाऊ, तुम्ही ड्रम लावून सेकंद मोजले हे फार बरं केलं. बहुतेक पत्रांत नुसतं "पाणी कमी येते" एवढंच असतं.

२०० लिटर ४० सेकंदांत म्हणजे सेकंदाला ५ लिटर. तुमच्या दोन इंची, म्हणजे ६३ मिलीमीटरच्या पाइपचा आतला व्यास ५८ धरला, तर पाणी सेकंदाला सुमारे १.९ मीटर वेगानं धावतं. या वेगाला सरळ १०० मीटर पाइपमध्ये साधारण पावणेसहा मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतका दाब, घर्षणात जातो. एल्बोसाठी फिटरचा ठोकताळा असा, की एक एल्बो म्हणजे व्यासाच्या तीसपट सरळ पाइप. ५८ मिलीमीटरच्या तीसपट म्हणजे पावणेदोन मीटर. नऊ एल्बोंचे झाले १६ मीटर, आणि त्यात जाणारा हेड जेमतेम ९० सेंटिमीटर. एका एल्बोला १० सेंटिमीटर म्हणा. अंदाजच आहे, एल्बोच्या घडणीवर थोडं वरखाली होईल.

आता तो ४० मीटर दीड इंची. त्याचा आतला व्यास ४६ च्या आसपास. तेवढंच पाणी त्यातून सेकंदाला ३ मीटर वेगानं जावं लागतं, आणि घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या उलट्या प्रमाणात वाढतं, म्हणजे इथं तिप्पट. दोन इंचीच्या ४० मीटरमध्ये २.३ मीटर गेले असते, तिथं आता ७ जातात. पावणेपाच मीटर जास्तीचे, नऊ एल्बोंच्या पाचपट! दोन्हीकडच्या रेड्युसरचा, म्हणजे जाड-बारीक पाइप जोडणाऱ्या तुकड्याचा, तोटा त्यापुढे किरकोळ. एवढा हेड पंपाजवळ नाही, म्हणून तो कमी पाण्यावर येऊन थांबला. तेच तुमचे ४७ सेकंद.

तेव्हा मिस्त्रीला थांबवा. शेकून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, भिंत एका बाजूला पातळ पडते, आणि पुढं दाब आला की तिथंच फुटतो. मी असे दोन पाइप स्वतः शेकले आहेत, म्हणून सांगतो.

दीड इंचीचे ४० मीटर काढून दोन इंची टाका. एल्बो राहू द्या.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. नऊपैकी एखादा एल्बो सक्शनकडे, पंपाच्या आधी असेल, तर तो काढाच. तिथं वातावरणाच्या दाबाचे १० मीटरच हाताशी, त्यातले कामाचे सहा-सात. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की दहा सेंटिमीटरही जाणवतात. फुटबॉलही, म्हणजे सक्शन पाइपच्या तळाचा जाळीचा फूटव्हॉल्व्हही, वर काढून बघा. चांगला फूटव्हॉल्व्हच व्यासाच्या पंचाहत्तर पट, म्हणजे सव्वाचार मीटर पाइपएवढा अडवतो, आणि जाळीत पाला-शेवाळ बसलं की किती ते मोजायला नको.

जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचंही असंच आहे. वेग दुप्पट झाला की वळणाचा तोटा चौपट. तिथंही लोक वळणाला दोष देतात आणि बारीक केलेली नळी तशीच ठेवतात.

पाइप बदलला की ड्रम त्याच जागी लावा आणि सेकंद कळवा. ४० च्या एक-दोन सेकंद पुढे राहिले, तर तेवढे एल्बोंचे समजा.