वाचक विचारतात : काला गोलोरित्झे

प्रश्न : सार्डिनिया बेटावरील काला गोलोरित्झे या एकांतातील किनाऱ्यावर बोटीने थेट उतरता येते का? पायी जाणे कितपत कठीण आहे?

उत्तर : बोटीने तेथे उतरण्यास बंदी आहे, बोटींना किनाऱ्यापासून दूरच थांबावे लागते. गोल्गोच्या पठारावरून निघणारी सुमारे साडेतीन किलोमीटरची पायवाट हाच खरा मार्ग. उतरताना ती सोपी वाटते, परंतु परतीच्या वेळी तोच साडेचारशे मीटरांहून अधिक उतार भर उन्हात चढावा लागतो, म्हणून चांगले बूट आणि भरपूर पाणी हवेच. चपला घालून निघालेल्यांची आम्हाला कीव येते. उन्हाळ्यात दिवसाला मोजक्याच लोकांना प्रवेश असल्याने आगाऊ नोंदणी करावी. सकाळी लवकर पोहोचावे, कारण किनारा पूर्वाभिमुख असल्याने दुपारनंतर मागच्या कड्याची सावली त्यावर पसरते. हा किनारा १९६२ साली दरड कोसळून तयार झाला. पायाखाली वाळूऐवजी गुळगुळीत पांढरे गोटे लागतात आणि तळाशी गोड्या पाण्याचे झरे असल्याने पोहताना मध्येच गार पाण्याचा पट्टा अंगाला लागतो. गोटा मात्र आठवण म्हणूनही खिशात टाकू नये, त्यासाठी ५०० ते ३,००० युरो दंड होऊ शकतो.