पोदेराची सायकल घसरते ना, घसरू दे

पात्रांव (म्हणजे बॉस रे), आधी गेम खेळलो आणि मग लिहायला बसलो, म्हणून उशीर झाला. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रश्न विचारणाऱ्या पोराने ४८ तासांच्या एका जॅमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या स्पर्धेसाठी, येडपट गेम केलाय, सायकलवरचा पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, पहाटे वाड्यावरून, म्हणजे वस्तीतून, जातो, पों पों हॉर्न वाजवतो, गेटाला लटकवलेल्या पिशव्यांत उंडे (गोल पाव) फेकतो आणि मागे कुत्रे लागतात. इच.आयओ या छोट्या गेम्सच्या साइटवर टाकलाय, व्होटिंग अजून चालू आहे आणि कमेंट्स वाचून पोराचं डोकं फिरलंय. एक म्हणतो सायकल साबणावर चालवल्यासारखी घसरते, दुसरा म्हणतो कुत्रे अशक्य आहेत, तिसरा म्हणतो कुत्रे अगदीच ढिले आहेत, चौथ्याला हॉर्नच ऐकू आला नाही, आणि एक भाऊ म्हणतो पॉवर-अप टाक, दुकान टाक, दहा लेव्हल कर. आता यातलं काय ऐकायचं आणि हा गेम पुढे मोठा करायचा का, असा प्रश्न आहे.

हे बघ, येडपट गेमच्या फीडबॅकला नेहमीच्या गेमचे नियम लावू नको. नेहमीच्या गेममध्ये खेळणारा सारखा पडायला लागला की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. तुझ्याकडे पडणं हाच जोक आहे. पोदेर आडवा होतो, टोपलीतले उंडे रस्ताभर लोळतात, एक कांकण (बांगडीसारखा पाव) गडगडत जाऊन गटारात पडतं, कुत्रा शांतपणे पाव चघळत बसतो आणि खिडकीतली म्हातारी वरून ओरडते. मी तिथे खरंच मोठ्याने हसलो. त्यामुळे प्रत्येक कमेंट वाचताना फक्त एवढंच शोध की या माणसाच्या हसण्याच्या आड काय आलं. जे आड आलं ते काढून टाक, पण जे हसवतंय त्याला दहा जणांनी बग म्हटलं तरी हात लावू नको. गोट सिम्युलेटर आठव, २०१४चा, तोही मुळात कंपनीतल्या जॅममधूनच निघाला होता, आणि त्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की गेम क्रॅश होणारे बग काढायचे, बाकीचे मजेशीर आहेत ते राहू द्यायचे. बकरी भिंतीत अडकून मान लांब करून थरथरते याचेच व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवले.

म्हणून सायकल घसरू दे. त्या साबणवाल्याची कमेंट तू अर्धीच वाचलीस, शेवटी त्याने लिहिलंय की तरी परत परत खेळलो. पण त्याने मधे हळूच एक वाक्य टाकलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की पडल्यावर परत चालू करायला वैताग येतो. आणि तो बरोबर आहे. पडल्यावर स्क्रीन हळूहळू काळी होते, मग स्कोअर एकेक आकडा मोजत वर चढतो, मग कीबोर्डवरचा हात उचलून माउसने बटण दाबायचं, आणि त्यानंतर परत टायटल स्क्रीन! जोक संपल्यावर एवढा वेळ माणूस थांबत नाही रे, तो पुढच्या गेमकडे जातो, त्याला अजून कितीतरी गेम बघायचे असतात. म्हातारी ओरडली की लगेच कुठलंही बटण दाबल्यावर पोदेर परत सायकलवर हवा. एवढं एक केलंस ना तरी सायकलीबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप बंद होतील, सायकलीत काहीही न बदलता.

मात्र पडणं आणि पाव चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडलं की हसू येतं, पण उंडा पिशवीच्या तोंडाशी जाऊन आपटला आणि खाली पडला की 'मी तर बरोबर टाकला होता' असं वाटतं आणि तिथे माणूस तुझ्यावर चिडतो. कोणीतरी लिहिलंयच की पिशवीत गेलेला पाव गेमने मोजला नाही. तिथे बिनधास्त चीटिंग कर, खेळणाऱ्याच्या बाजूने. पिशवी दिसते त्याच्या दीडपट मोठा तिचा कोलिजन बॉक्स, म्हणजे पाव लागला असं गेम धरतो तो चौकोन, ठेव, कुणाला कळणार नाही. सेलेस्ट या उड्या मारायच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेम, म्हणजे क्षणभर, उडी मारता येते, त्याला कोयोटी टाइम म्हणतात, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलंच टायमिंग भारी. तो एवढा काटेकोर, अवघड गेम असून ही सवलत देतो, मग तुझ्या उंड्याला द्यायला काय हरकत आहे. (सेलेस्टसुद्धा २०१५ला पिको-८ या छोट्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर चार दिवसांत केलेला छोटा गेम होता, मोठा झाला तो २०१८ला.)

आता कुत्रे. अशक्य आणि ढिले अशा दोन उलट्या कमेंट्स आल्या की आपण म्हणतो ज्याची त्याची आवड, आणि सोडून देतो. पण थांब जरा. माझ्या लॅपटॉपवर कुत्रे बरे होते, आरामात चुकवले. मग भाच्याच्या गेमिंग मॉनिटरवर लावून बघितला तर पहिलाच कुत्रा गोळीसारखा आला आणि पोदेर गेटापर्यंतसुद्धा पोचला नाही. माझी स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणारी, त्याची १४४. तू कुत्र्याला दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल पुढे ढकलतोयस आणि डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने, गुणायचं विसरलायस, म्हणून १४४ला तोच कुत्रा जवळजवळ अडीचपट वेगाने धावतो. सायकलीचं गणित फिजिक्स बॉडीवर आहे, तिला फ्रेमनुसार नाही तर वेळेनुसार हलवलं जातं, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच चालते, आणि कुत्रा तेवढा सुसाट. म्हणजे ते दोघंही खरं बोलत होते, दोघांनी वेगवेगळा गेम खेळला. एका ओळीचं काम आहे. आणि ते व्हायच्या आधी कुत्र्यांचा स्पीड कमीजास्त करत बसू नको, नाहीतर एकाला बरं करताना दुसऱ्याचं बिघडवशील. कोणी जास्त अवघड म्हटलं तर उत्तरात आधी मॉनिटर आणि ब्राउझर विचारायचा, ही सवयच लावून घे.

आवाजाचं पण तसंच. पेज उघडल्या उघडल्या गेम सुरू होईल असं सेटिंग तू ठेवलंयस. क्रोमने २०१८पासून नियम केलाय की माणसाने पेजवर क्लिक नाहीतर कळ दाबेपर्यंत आवाज वाजू द्यायचा नाही, त्यामुळे सुरुवातीचा तो मस्त पों पों कितीतरी लोकांनी ऐकलाच नसेल. वर हॉर्न स्पेसबारवर. गेमला फोकस नसताना, म्हणजे गेमवर क्लिक केलेलं नसताना, स्पेस दाबली की ब्राउझर पेज खाली सरकवतो, म्हणजे बिचारा हॉर्न वाजवायला जातो आणि थेट कमेंट्समध्ये पोचतो, कदाचित म्हणूनच एवढ्या कमेंट्स आल्यात! सुरुवातीला एक चित्र ठेव, भट्टीचं बंद दार, आणि त्यावर क्लिक केलं की दार उघडून पोदेर बाहेर. एका क्लिकमध्ये आवाज पण सुटला आणि फोकस पण आला. अजून एक छोटं: ज्याने पुढे जाताच येत नाही असं लिहिलंय त्याचं नाव फ्रेंच वाटतं, त्यांच्या कीबोर्डवर 'डब्ल्यू'च्या जागी 'झेड' असतो आणि 'ए'च्या जागी 'क्यू'. गोडो इंजिनमध्ये अक्षराऐवजी फिजिकल कीकोड, म्हणजे कळीची जागा, लाव, नाहीतर ॲरो कीज पण चालू ठेव.

बाहेरच्या लोकांना पिशवीचं काही कळलं नाही, हे मात्र खरं आहे. आपल्याला गेटावरची पिशवी दिसली की हात आपोआप तिकडे जातो, त्यांना ती भिंतीवरची सजावट वाटते. यावर मोठी सूचना लिहू नको, कोणी वाचत नाही. पहिलं गेट इतकं जवळ आण की पाव चुकूच शकणार नाही, आणि पिशवीत पडला की आतून म्हातारीचा हात येऊन पिशवी ओढून घेऊ दे. बस्स, समजलं.

पॉवर-अप, दुकान, दहा लेव्हल या सूचनांबद्दल फार बोलत नाही. जॅममध्ये कमेंट करणारे बहुतेक स्वतः गेम बनवणारे असतात, त्यांना तुझ्या गेममध्ये त्यांचा गेम दिसायला लागतो. एकाने सांजांवला (गोव्यातला जूनमधला सण) पोदेर कोपेल, म्हणजे डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, घालून विहिरीत उडी मारतो अशी लेव्हल सुचवलीय, वाचून हसलो, पण तो वेगळाच गेम आहे, पुढच्या जूनसाठी ठेव. असे लोक काय टाक म्हणतात ते सोड, ते कुठे कंटाळले ते बघ. दहा लेव्हल मागणारा दुसरा वाडा संपल्यावर कंटाळला असणार, कारण तिथे पहिल्या वाड्यापेक्षा नवीन काहीच होत नाही.

आणि मोठा करायचा का, याचं उत्तर तुझ्याच कमेंट्समध्ये पडलंय, तुझं लक्ष गेलं नाही. दोन जणांनी लिहिलंय की आम्ही गेट वगैरे सोडलं आणि पाव कुत्र्यांनाच टाकत बसलो, कारण पाव टाकला की कुत्रा खायला थांबतो. हे तू ठरवून केलं नव्हतंस ना? कुत्रा खाली पडलेला पाव खातो एवढाच तुझा कोड, त्यातून त्यांनी लाच द्यायची शोधून काढली. मोठा गेम असला तर तो इथे आहे. टोपलीत मोजके पाव, प्रत्येक उंडा एकतर गिऱ्हाइकाला नाहीतर कुत्र्याला, आणि ज्या कुत्र्याला काल दिला तो आज दोन मित्र घेऊन येतो. सर्जन सिम्युलेटर हा ऑपरेशन करायचा गेम २०१३च्या ग्लोबल गेम जॅममध्ये ४८ तासांत झाला होता आणि त्याच वर्षी विकायला आला, त्यांनीही काही भलतं जोडलं नाही, तो धड काही पकडता न येणारा हातच पुढे नेला. पण हे व्होटिंग संपल्यावर, वेगळ्या बिल्डमध्ये (गेमच्या वेगळ्या आवृत्तीत). आत्ता फक्त बग काढ, आणि तेही जॅमच्या नियमात व्होटिंग चालू असताना बिल्ड बदलायला परवानगी आहे का ते बघून.

तोपर्यंत दुसऱ्यांचे गेम खेळ आणि नीट दोनचार वाक्यं लिही, नुसतं छान म्हणू नको. इचवर मतं मिडियनपेक्षा, म्हणजे जॅममधल्या मधल्या गेमला पडलेल्या मतांपेक्षा, कमी पडली तर सरासरी खाली ओढली जाते, म्हणजे मिडियन २० असेल आणि तुला ५च मतं पडली तर स्कोअर सरळ निम्मा. ज्यांच्याकडे तू जाशील त्यातले बरेच जण परत तुझ्याकडे येतात. डेल्टाचं दुरुस्त केलंस की इथे सांग, भाचा रविवारी क्रिकेटला जातो तेव्हा मॉनिटर माझा असतो.