पहाटे पाचचा गजर आणि चार पानांचा हात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षं नो-लिमिट होल्डम, म्हणजे हातात दोन पानं आणि बेटला मर्यादा नसलेला पोकर, खेळताय आणि आता पॉट-लिमिट ओमाहा, म्हणजे हातात चार पानं आणि बेट फार तर पॉटएवढी (टेबलावर जमलेल्या पैशाएवढी) असा पोकर, शिकायला घेतलंय. त्याच महिन्यात पहाटे पाचला उठणं, व्यायाम, ध्यान, आठवड्याला एक पुस्तक आणि रोजनिशी हेही सुरू केलंत. तिसऱ्या आठवड्यात सगळं ढेपाळलं आणि वर होल्डमचा खेळही बिघडला. मग मेळ कसा घालायचा, आणि काही सोडायचं तर काय?

सोडायचं काय ते आधी सांगून टाकतो. झोपेची वेळ आणि व्यायाम ठेवा. पाचचा गजर आणि आठवड्याचं पुस्तक बारा आठवडे बंद. ध्यान आणि रोजनिशी सोडायची गरज नाही, पण ती खेळापासून वेगळी ठेवू नका, खेळातच मिसळा. कसं ते खाली येईलच.

कारण साधं आहे. जुना खेळ निम्मा सवयीवर चालतो. नव्या खेळात प्रत्येक हाताला जाणीवपूर्वक विचार करावा लागतो. मुरलेली नसेल तर सवयीलाही तसाच रोज जोर लावावा लागतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी सवय आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा 18 ते 254 इतका पसरलेला होता. तुम्ही पाच सवयी तिसऱ्या आठवड्यात मोजायला बसलात. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही असंही दिसलं, तेव्हा एक व्यायाम हुकला म्हणून पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नका.

आता होल्डम का बिघडला ते पाहू. ओमाहात चार पानं मिळतात, पण हातातली दोनच आणि बोर्डावरची (सगळ्यांसाठी उघडलेल्या पाच पानांतली) तीनच घ्यायची, एक कमी नाही की एक जास्त नाही. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, तरी डोळा ऐकत नाही. बोर्डावर चार बदाम आहेत आणि तुमच्या हातात एकटा बदामचा एक्का. होल्डममध्ये कोणतीही पाच पानं चालतात, म्हणून हा सगळ्यात मोठा फ्लश (पाचही पानं एकाच रंगाची, इथे बदामाची). ओमाहात हातात दुसरा बदाम नसेल तर फ्लशच नाही. किंवा बोर्डावर राजा-राजा-सत्ती-सत्ती-दुर्री आणि हातात राजा-राणी-गुलाम-दश्शी. जुनी सवय लगेच फुल हाउस (एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं) म्हणते. प्रत्यक्षात राजा-राणी हातातली आणि राजा-राजा-सत्ती बोर्डावरची, म्हणजे तीन राजे, बस. त्यात चार पानांतून दोन-दोन पानांच्या सहा जुळण्या होतात आणि समोर बसलेल्या प्रत्येकाकडेही सहा असतात. त्यामुळे जिंकणारा हात होल्डमपेक्षा बराच मोठा लागतो. एकाच आठवड्यात दोन्ही खेळ आलटूनपालटून खेळलात की डोळ्याला दोन उलटसुलट सवयी लागतात आणि दोन्हीकडे चुका होतात. पहिले चार आठवडे होल्डम पूर्ण बंद ठेवा. ते शक्यच नसेल तर निदान दिवस वेगळे ठेवा; एका बैठकीत दोन्ही कधीच नको.

मेळ घालण्याचं माझ्या मते एकच खरं साधन आहे: झालेली चूक कोणत्या खात्यातली आहे ते ठरवणं. खाती तीन. पहिलं वाचनाचं: बोर्ड चुकीचा वाचला, आउट्स (हात पुरा करणारी उरलेली पानं) चुकीचे मोजले, पॉटचा हिशेब चुकला. दुसरं माहितीचं: वाचलं बरोबर, पण काय करायला हवं ते ठाऊकच नव्हतं. उदाहरणार्थ एक्का-एक्का-सत्ती-दुर्री, चारी पानं चार रंगांची, घेऊन फ्लॉपआधी (बोर्डावरची पहिली तीन पानं उघडण्याआधी) बेट चढवत नेली आणि 9-8-6 च्या फ्लॉपवर सगळा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) घातला. तिसरं मनाचं: फोल्ड करायचं (पानं टाकायची) आहे हे माहीत होतं, तरी कॉल दाबला (समोरच्याएवढे पैसे घातले), कारण आधीचे दोन पॉट हातातून गेले होते.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. वाचनाच्या चुका थकव्यातून, घाईतून आणि दोन टेबलं उघडल्याने होतात. त्यावर झोप, एकच टेबल आणि सराव हेच औषध. कितीही व्हिडिओ पाहिलेत तरी फरक पडणार नाही. माहितीच्या चुकीला अभ्यास लागतो, तिथे ध्यानाचा काही उपयोग नाही. मनाच्या चुकीला मात्र तुम्ही ज्याला आत्मविकास म्हणता ते सगळं लागतं. बहुतेक लोक मनाची चूक माहितीच्या खात्यात टाकून मोकळे होतात, कारण ‘मला अजून शिकायला हवं’ म्हणणं ‘मी चिडलो होतो’ म्हणण्यापेक्षा सोपं जातं. ओळखायची खूण अशी: कॉल दाबताना उत्तर आधीच ठाऊक होतं का? होतं, तर चूक मनाची.

रोजनिशीचं आता एवढंच काम. बसण्यापूर्वी एक ओळ: झोप किती तास आणि थकवा 1 ते 5 मध्ये किती. उठल्यावर खेळताना खूण केलेले तीन हात आणि प्रत्येकापुढे खातं. तो पॉट कोण जिंकलं ते लिहायचं नाही. हे न लिहिणं जड जातं, पण तेच महत्त्वाचं आहे. वीस हात जमले की मोजा. निम्म्याहून जास्त वाचनाचे असतील तर बैठका लहान करा. मनाचे असतील तर पुढच्या आठवड्यात अभ्यासाचा एक तास कमी करून तो व्यायामाला द्या.

बंद केलेल्या पुस्तकाच्या वेळात हा सराव करा, आणि खऱ्या पत्त्यांनी करा; दिवसभर स्क्रीन पाहिलेल्या डोळ्यांना तेवढीच विश्रांती. पानं पिसा, चार स्वतःला, तीन बोर्डावर. अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: या क्षणी नट्स (या बोर्डावर शक्य असलेला सगळ्यात मोठा हात) काय, माझ्याकडे काय, आणि कोणतं पान आलं तर मी नट्सवर जाईन. वीस डाव, साधारण पंधरा मिनिटं.

एक डाव सोडवून दाखवतो. हातात दश्शी-नव्वी-छक्की-पंजी, फ्लॉप अठ्ठी-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. स्ट्रेट (सलग आकड्यांची पाच पानं) पुरी करणारी पानं मोजा: चार गुलाम, तीन दश्श्या, तीन नव्व्या, तीन छक्क्या, तीन पंज्या, आणि चारच्या आकड्याची चारही पानं. एकूण 20. होल्डममध्ये दोन्ही बाजूंनी उघड्या ड्रॉला (एका पानाने अपुऱ्या हाताला) 8 आउट्स मिळतात, त्यामुळे इथे हुरळून जायला होतं. पण पुढे पाहा. दश्शी आली तर गुलाम-नव्वीवाला तुमच्या पुढे, नव्वी आली तर गुलाम-दश्शीवाला पुढे. ही सहा पानं बाजूला काढा, उरतात 14. दोन पानं यायची असताना 20 पैकी एखादं येण्याची शक्यता सुमारे 70 टक्के, 14 पैकी एखादं येण्याची सुमारे 53. नवखा आणि जाणता यांच्यातलं अंतर पुष्कळदा या 70 आणि 53 मध्येच असतं. शिवाय बोर्डावर जोडी पडली तर फुल हाउसची भीती आहेच.

पॉटचा हिशेबही याच सरावात घ्या. जास्तीत जास्त रेझ (समोरच्याची बेट वाढवणं) म्हणजे समोरच्याच्या बेटाची तिप्पट, अधिक त्याआधी पॉटमध्ये जे होतं ते. पॉट 20, त्याने 10 लावले, तर तुम्ही एकूण 50 पर्यंत जाऊ शकता. ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या बेटा) 1 आणि 2 असतील तर पहिली चढाई 7 पर्यंत. ऑनलाइन बटण दाबलं की आकडा येतो हे खरं, पण समोरचा किती वाढवू शकतो हे कॉल करण्याआधी डोक्यात यायला हवं, आणि ते बटण सांगत नाही.

सुरुवातीच्या हातांचे तक्ते पाठ करू नका. होल्डमचे 1,326 हात 169 प्रकारांत बसतात. ओमाहाचे 2,70,725 हात आहेत, आणि रंगांची अदलाबदल एकच धरली तरी 16,432 प्रकार उरतात. प्रकार ओळखायला शिका: सलग चार पानं, दोन रंगांत जुळलेली पानं, एक्का आणि त्याच्या रंगाचं दुसरं पान. हातात एकाच आकड्याची तीन पानं किंवा एकाच रंगाची चार पानं आली तर खूश होऊ नका. तुम्हाला हवी असलेली पानं तुमच्याच हातात अडकलेली असतात. पाच पानांचा ओमाहा तूर्त नकोच, तिथे सहाच्या जागी दहा जुळण्या होतात.

आता पैशाचं, कारण तुमची सगळी घडी बहुधा इथून विस्कटली असावी. सहा जणांच्या टेबलावर एका तासात साधारण 70 हात होतात. आठवड्याला चार तास, बारा आठवडे, म्हणजे सुमारे 3,360 हात. पॉट-लिमिट ओमाहात 100 हातांमागे चढउताराचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते) 140 बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांतला मोठा) धरणं वाजवी आहे, आणि तेवढ्या हातांवर ते सुमारे 810 बिग ब्लाइंड होतं. तुम्ही 100 हातांमागे 5 बिग ब्लाइंड जिंकणारे चांगले खेळाडू असलात तरी अपेक्षित कमाई 168. म्हणजे तीन महिन्यांनंतरही नशिबाचा गोंगाट कौशल्याच्या पाचपट. या आकड्यावरून ‘मी सुधारतोय का’ हे ठरवायला गेलात तर चांगल्या आठवड्यात ध्यानाला श्रेय द्याल आणि वाईट आठवड्यात व्यायाम बंद कराल, आणि दोन्ही निष्कर्ष खोटे असतील. पैसे महिन्यातून एकदा पाहा, आणि तेही बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) किती उरले एवढ्यापुरते. होल्डमच्या सवयीच्या पातळीच्या दोन पायऱ्या खाली उतरा आणि निदान 50 बाय-इन वेगळे ठेवा, 100 असतील तर झोप चांगली लागेल. घरखर्चाच्या पैशाला हात लागत असेल किंवा हरलेलं घरच्यांपासून लपवावं लागत असेल, तर हा मेळ घालण्याचा प्रश्न राहिलेला नाही. खेळ थांबवा आणि समुपदेशकाशी बोला.

नोकरी सांभाळून आठवड्याचे आठ तास निघतात असं धरतो. तीन तास अभ्यास, पाऊण तासाच्या चार तुकड्यांत. चार तास खेळ, तीन बैठकांत, म्हणजे एक बैठक 80 मिनिटांची. उरलेला एक तास खूण केलेल्या हातांचा, आणि तो दुसऱ्या दिवशी. हरलेल्या रात्री हात उघडून बसलात की तो अभ्यास राहत नाही, स्वतःवरचा खटला होतो. बैठक वेळेवर संपवा, दोन बाय-इन गेले तर त्याआधी. जिंकून स्टॅक दुप्पट झाला तरीही उठायला हरकत नाही. स्टॅक जितका खोल तितकी नट्स नसलेल्या हाताची चूक महाग पडते, आणि तुम्ही अजून तिथे पोचलेला नाही.

झोपेबाबत एक अडचण खरी आहे. भरलेली टेबलं रात्री मिळतात आणि तुमचा गजर पाचचा. या ओढाताणीत नेहमी झोपच कापली जाते. उठायची वेळ खेळाच्या रात्रींना झेपेल अशी ठरवा, सातही दिवस तीच ठेवा, आणि शेवटचा हात झोपेच्या दीड तास आधी. व्यायाम बैठकीच्या आधी झाला तर उत्तम, पण जेमतेम वीस मिनिटं चाललात तरी हजेरी लावा.

ध्यानाची वीस मिनिटं पाचावर आणा आणि बसण्याच्या लगेच आधी घ्या. टेबलावर त्याचं रूप असं: समोरून पॉटएवढी बेट आली की माउसवरून हात उचलायचा, दोन श्वास, आणि तीन प्रश्न. नट्स काय आहे? माझ्याकडे ते किंवा त्याचा ड्रॉ आहे का? हवं ते पान आलं तरी मी मागे असू शकतो का? वेळ संपायच्या आत हे आरामात होतं. पहिले काही दिवस विसराल, म्हणून प्रश्न कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

पाचव्या आठवड्यापासून होल्डम परत आणाल तेव्हा उलटा त्रास होईल. ओमाहात नट्सची वाट पाहायची सवय लागल्यावर होल्डममध्ये एक्का-राजा घेऊन वरच्या जोडीवर रिव्हरला (बोर्डावरच्या शेवटच्या पानाला) फोल्ड होऊ लागतं, आणि पॉटपेक्षा मोठी बेट लावता येते हेच डोक्यातून गेलेलं असतं. पहिल्या दोन बैठका सगळ्यात खालच्या पातळीवर खेळा, आणि तिथल्याही तीन हातांवर खूण करा.